प्रायव्हसी कॉइन बनवायची म्हणता, पण गर्दी कुठून आणणार?

दर्यापूरकडच्या फायनल इयरच्या एका पोरानं विचारलं आहे. थोडक्यात असं, की मागच्या सीझनला घरचा कापूस गेला, चुकारा बापाच्या खात्यात पडला अन संध्याकाळपर्यंत कृषी केंद्रवाल्यापासून तर पतसंस्थेच्या वसुलीवाल्यापर्यंत सगळ्यांना आकडा माहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दारात. म्हणून तो अन त्याचे तीन दोस्त मेजर प्रोजेक्टला ओपन सोर्स प्रायव्हसी कॉइन (कोणी कोणाला किती दिले हे बाहेरच्याला दिसत नाही असं डिजिटल नाणं) बनवणार आहेत, शेतकऱ्यांसाठी. त्याला विचारायचं हे की सुरुवात कुठून करू, अल्गोरिदम कोणता, कॉइन किती काढायचे, त्यातले टीमनं किती ठेवायचे, अन एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, लिस्ट कसं करायचं.

मी आर्वीकडच्या एका गावात बसून अशाच एका नाण्याच्या वॉलेटचा कोड लिहतो अन दुसऱ्यांचा तपासतो, बऱ्याच वर्षांपासून हेच काम आहे. तर भाऊ, चहा घेऊन बस, लांब आहे.

आधी सरळ सांगतो, नवीन कॉइन काढू नका. जमणार नाही म्हणून नाही म्हणत, काढणं तर लय सोपं आहे. मोनेरो या प्रायव्हसी कॉइनचा सोर्स बीएसडी लायसन्सवर (कोणीही घेऊन बदलू शकते असा परवाना) उघडा पडला आहे, उतरवून घ्या, नाव बदला, नेटवर्क आयडी बदला, पोर्ट बदला, नवा जेनेसिस ब्लॉक, म्हणजे चेनचा पहिला ब्लॉक, काढा, बिल्ड मारा, अन तुमचे चार लॅपटॉप एकमेकांना जोडले की रात्री जेवायच्या आत तुमचं नाणं चालू. व्हायवाला एक्स्टर्नल खुश होऊन जाईल. फक्त त्या नाण्यात प्रायव्हसी नावाची गोष्ट नसते, जरी कोड ओळ न ओळ मोनेरोचाच असला तरी.

का ते पाहा. मोनेरोत तू पैसे खर्च करतो तेव्हा तुझ्या खऱ्या आउटपुटसोबत (आउटपुट म्हणजे आधीच्या व्यवहारातून हाती आलेली रक्कम) चेनवरचे दुसऱ्यांचे १५ आउटपुट डिकॉय, म्हणजे फसवे सोबती, म्हणून उचलले जातात, असे १६ मिळून एक रिंग होते, अन सही अशी असते की या सोळापैकी कोणीतरी एकानं केली एवढंच बाहेरच्याला सिद्ध होते, कोणी ते कळत नाही. आता तुमची चेन घे. दोन मिनिटाला एक ब्लॉक म्हणजे दिवसाला ७२० ब्लॉक, व्यवहार तर कोणी करत नाही, म्हणजे चेनवर जे आउटपुट आहेत ते जवळपास सगळे मायनिंगच्या (मशीन राबवून ब्लॉक बनवण्याच्या) बक्षिसाचे, अन मायनिंग करून राहिले तुमचेच चार लॅपटॉप. आता तुझ्या बापानं त्या चेनवर एक व्यवहार केला तर त्याच्या रिंगमधले १५ डिकॉय हे तुमचे मायनिंगचे आउटपुट, मायनिंगचा आउटपुट चेनवर सरळ ओळखू येते, तर सोळावा कोणाचा हे सांगायला काय पोलीस लागते काय. गणित एकदम बरोबर, प्रायव्हसी शून्य. या धंद्यात प्रायव्हसी कोडमधून कमी अन सोबतच्या अनोळखी लोकांकडून जास्त मिळते, अन ते लोक कोडसारखे गिटवरून क्लोन होत नाहीत.

हे खुद्द मोनेरोनंही भोगलं आहे. सुरुवातीला डिकॉय घेणं ऐच्छिक होतं, लोक फी वाचवायला शून्य डिकॉय लावून पाठवत. ज्यानं शून्य लावले त्याचं तर उघडं पडलंच, पण त्याचा तो आउटपुट दुसऱ्या कोणाच्या रिंगमधे डिकॉय म्हणून बसलेला असेल तर तिथूनही तो खोडता येते, मग त्या दुसऱ्याची रिंग बारीक होते, कधी कधी एकच उरते, मग त्याच्यामुळे तिसऱ्याची. अशी साखळी लागत गेली. शेवटी मार्च २०१६ पासून किमान दोन डिकॉय सक्तीचे केले, २०१७ मधे रिंगसीटी येऊन रकमा झाकल्या गेल्या, २०१८ ला रिंग ११ ची ठरली अन ऑगस्ट २०२२ पासून १६ ची. सगळ्यांना सारखी, कमी नाही अन जास्तही नाही, कारण एखाद्यानं शहाणपणा करून ४० ची रिंग लावली तर तोच वेगळा उठून दिसते. झेडकॅश या दुसऱ्या प्रायव्हसी कॉइननं २०१६ च्या ऑक्टोबरमधे दुसरा रस्ता घेतला, तिथं झिरो नॉलेज प्रूफ आहे, म्हणजे आतली माहिती न दाखवता हिशोब खरा आहे हे सिद्ध करणं, गणित कागदावर मोनेरोपेक्षा भारी, पण पारदर्शक पत्तेही ठेवले अन झाकलेले पत्तेही ठेवले, अन लोकांनी कितीतरी वर्षं बहुतेक करून पारदर्शकच वापरले. ऐच्छिक प्रायव्हसी कोणी वापरत नाही, अन जो वापरते त्याच्यावर उलटा संशय. हे डिझाइनचे निर्णय आहेत, अल्गोरिदम कोणता हा प्रश्न याच्या कितीतरी नंतर येते.

आता तुझ्या मूळ दुखण्याकडे. बापाचा आकडा फुटला कुठून? याला आमच्यात थ्रेट मॉडेल म्हणतात, म्हणजे नेमकं कोणापासून काय लपवायचं हे पहिल्या दिवशी कागदावर लिहणं. तू लिहलं का? मला दिसते ते असं: व्यापाऱ्याला आकडा माहीत कारण त्यानंच काटा केला अन कट्टी कापून चिठ्ठीवर हिशोब मांडला. हमालाला क्विंटल माहीत. भाव तर सगळ्या तालुक्याला माहीत. गाडी गावातून गेली ती पारावरच्या सगळ्यांनी पाहिली. मग बापानं बँक मित्राकडे अंगठा लावून थोडे पैसे काढले, तिथं स्लिपवर बॅलन्स छापून आला अन मागं रांगेत चार जण. किंवा मेसेज वाचता येत नाही म्हणून मोबाईल रिचार्जवाल्या पोराच्या हातात फोन दिला. यातली एकही जागा ब्लॉकचेनवर नाही, तर ब्लॉकचेननं झाकणार काय?

अन समजा व्यापाऱ्यानं तुमच्या कॉइनमधे चुकारा दिला. बापाला बियाणं घ्यायचं, डीएपीची बोरी घ्यायची, पोरीची फी भरायची, सगळं रुपयात. म्हणजे कॉइन कुठंतरी विकून रुपये करावे लागतील, एक्स्चेंजला केवायसी लागते, पैसे पडणार पुन्हा त्याच खात्यात, अन बँक मित्र तोच. वरून शेतीचं उत्पन्न इन्कम टॅक्सला माफ आहे पण २०२२ च्या फायनान्स ॲक्टपासून व्हर्च्युअल डिजिटल ॲसेटच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, तोटा झाला तर तो दुसरीकडे वळताही करता येत नाही, अन ठराविक मर्यादेच्या वर १ टक्का टीडीएस जुलै २०२२ पासून. म्हणजे माफ असलेल्या पैशाला टॅक्सच्या दारातून फिरवून आणायचं. बापाला हे सांगून पाह्य, तो म्हणेल, "काहून बे, लय शिकला का?"

त्याच्यासाठी खरा उपाय कंटाळवाणा आहे. चुकारा पीककर्जाच्या खात्यावर घेऊ नको, दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं ठेव, सरकारी खरेदीला माल देणार असशील तर आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते आधीच तपास, अन पैसे काढायला तालुक्याच्या एटीएमला जा. झालं. यात प्रोजेक्ट नाही बनत, मला माहीत आहे.

पण तुला हे शिकायचं आहे, अन शिकण्यासारखं तर भरपूर आहे, म्हणून आता कॉइन आतून कशी चालते तिकडे येऊ, कारण कुठं हात घालायचा ते त्यातूनच समजेल.

रकमा झाकणं हा सगळ्यात मजेदार भाग. बैलबाजारात जुने दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करत, आजूबाजूला शंभर लोक उभे पण भाव दोघांनाच कळे. इथं त्याच्याही पुढचं पाहिजे, की भाव कोणाला दिसू नये पण हिशोब जुळला हे मात्र शंभराच्या शंभरांना पटलं पाहिजे. त्यासाठी पेडरसन कमिटमेंट. इलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणिती वक्रावर दोन पॉइंट घ्यायचे, एकाला रँडम आकड्यानं गुणायचं, दुसऱ्याला रकमेनं, अन बेरीज करून तो पॉइंट चेनवर टाकायचा. त्यातून रक्कम निघत नाही, पण येणाऱ्या कमिटमेंटची बेरीज वजा जाणाऱ्यांची बेरीज वजा फी असं केलं की बाहेरचा माणूस हिशोब तपासू शकते. आता खोच कुठं आहे ते पाहा. सगळं मॉड्युलोमधे (घड्याळाच्या आकड्यांसारखं फिरून येणारं गणित) चालते, म्हणून तिथं उणे रक्कमही चालून जाते. माझ्याकडे ५ आहेत, मी दोन आउटपुट काढले, एक १००० चा अन एक उणे ९९५ चा, बेरीज ५, हिशोब जुळला, अन मी हवेतून नाणी काढली. म्हणून प्रत्येक आउटपुटसोबत रेंज प्रूफ लागते, की ही रक्कम शून्य अन एका वरच्या मर्यादेच्या मधेच आहे. आधी हे प्रूफ इतके जाड असत की व्यवहाराचं बहुतेक वजन त्यांचंच, ऑक्टोबर २०१८ मधे बुलेटप्रूफ्स नावाचे बारीक रेंज प्रूफ आले अन मोनेरोच्या व्यवहाराचा आकार सुमारे ८० टक्क्यांनी खाली आला, फीही तशीच पडली.

अन ते दोन पॉइंट जे सांगितले, त्यातल्या एकाचा दुसऱ्याशी काय गुणाकाराचा संबंध आहे हे जर कोणाला माहीत असेल तर तो माणूस पाहिजे तेवढी नाणी छापू शकते अन कोणालाही कळणार नाही. म्हणून दुसरा पॉइंट मनानं निवडायचा नसते, पहिल्याचं हॅश (ठरलेल्या सूत्रानं निघणारा ठसा) काढून त्यातून बनवायचा, म्हणजे कोणीही तपासू शकते की यात कोणाची चलाखी नाही. एखादी नवीन कॉइन माझ्याकडे तपासायला आली की मी सगळ्यात आधी ही एक ओळ उघडून पाहतो. झेडकॅशचा सुरुवातीचा प्रकार याच्याहून नाजूक, तिथं पॅरामीटर बनवताना जो गुप्त कचरा तयार होते तो नष्ट करावाच लागे, म्हणून २०१६ मधे सहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून तो विधी केला, सहापैकी एकानं जरी इमानदारीनं आपला तुकडा नष्ट केला तरी पुरे अशी रचना. त्या सहात टोपणनावानं एडवर्ड स्नोडेन होता हे २०२२ ला बाहेर आलं. त्याच वर्षी मे महिन्यात हॅलो २ या नव्या प्रूफ पद्धतीवर गेल्यावर झाकलेल्या नाण्यांच्या नव्या पूलसाठी ही भानगडच संपली.

रकमा झाकल्या की एक नवी भीती जन्माला येते जी बिटकॉइनला नाही. बिटकॉइनमधे कोणीही एकूण नाणी मोजू शकते. इथं मोजता येत नाही, तुमचा भरोसा पूर्ण गणितावर. झेडकॅशच्याच एका क्रिप्टोग्राफरला, एरियल गॅबिझॉनला, १ मार्च २०१८ ला सापडलं की ज्या पेपरवर त्यांची सिस्टिम उभी आहे त्यातच चूक आहे अन तिचा वापर करून खोटी नाणी बनवता येतात. पेपर तज्ज्ञांनी वाचलेला, कोड ऑडिट झालेला, तरी सुटलं होतं. त्यांनी मोजक्या लोकांतच ठेवलं, ऑक्टोबर २०१८ च्या सॅपलिंग अपग्रेडमधे गुपचूप दुरुस्त केलं, अन फेब्रुवारी २०१९ मधे जगाला सांगितलं. मोनेरोचा किस्सा याच्याही आधीचा, मोनेरो ज्या आराखड्यावर उभं आहे त्या क्रिप्टोनोटच्या मुळातच. एक आउटपुट दोनदा खर्च होऊ नये म्हणून की इमेज नावाचा शिक्का असते. ते ज्या कर्व्हवर चालतात त्याचा कोफॅक्टर ८ आहे, म्हणजे मुख्य गटाच्या बाजूला एक लहान गट शिल्लक राहते, त्यातला पॉइंट की इमेजमधे मिसळला की शिक्का वेगळा दिसते पण सही तरी पास होते, म्हणजे तेच पैसे पुन्हा पुन्हा. दुरुस्ती म्हणाल तर एक गुणाकार अन एक तुलना, बस. फेब्रुवारी २०१७ मधे पॅच केलं, मे मधे जाहीर केलं, मधल्या काळात त्याच कोडवरच्या दुसऱ्या नाण्यांना कळवत बसले.

आता विचार करा, तुमची चार पोरांची टीम, सबमिशन झालं, एक पुण्याला लागला, एक बँकेच्या परीक्षेला बसला, अन दोन वर्षांनी असा बग निघाला तर तो ईमेल वाचणार कोण? ओपन सोर्स म्हणजे कोड टाकून दिला असं नसते. सिक्युरिटीचा रिपोर्ट कुठं पाठवायचा तो पत्ता, तो रोज उघडणारा माणूस, वरून फोर्क (दुसऱ्याचा कोड उचलून वेगळा) केलेला असेल तर वरच्या प्रोजेक्टचा प्रत्येक पॅच वेळेवर खाली ओढणं, हे काम मरेपर्यंतचं. फोर्क केलेल्या बहुतेक कॉइन इथंच मरतात. वरती दुरुस्ती झाली की ती दुरुस्तीच चोराला सांगते खाली भोक कुठं आहे.

पत्त्यांचा भाग थोडक्यात. घेणाऱ्याचा पत्ता चेनवर कधी येतच नाही, पाठवणारा दर वेळी त्याच्यासाठी एकदाच वापरायचा नवा पत्ता काढते, अन तो आपला आहे हे घेणारा आपल्या व्ह्यू कीनं, म्हणजे नुसतं पाहायच्या गुप्त किल्लीनं, ओळखते. ऐकायला छान. पण याची किंमत गावात कळते. चेनवरचा कोणता आउटपुट तुझा हे जगात कोणी सांगू शकत नाही, म्हणजे तुझ्या फोनला प्रत्येक आउटपुट स्वतः तपासून पाहावा लागते, दर वेळी कर्व्हवरचा एक गुणाकार. ३ जीबी रॅमचा फोन, आठ दिवस वॉलेट उघडलं नाही, नेट कधी आहे कधी नाही, अन उघडलं की स्कॅनिंग चालूच, फोन तव्यासारखा गरम होऊन राहिला अन माणूस विचारून राहिला पैसे आले का नाही. २०२२ च्या त्याच रिंग १६ वाल्या अपग्रेडमधे व्ह्यू टॅग आला, आउटपुटला एक बाइटचा टॅग जोडला, तो जुळला नाही तर पुढची कामं सोडून द्यायची, अन २५६ पैकी २५५ वेळा तो जुळत नाही. तेवढ्यानं स्कॅनिंगचा वेळ ३० ते ४० टक्के वाचला. एक बाइट! मला विचारशील तर त्या अपग्रेडमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. अन सीडवरून (वॉलेट परत मिळवायचे गुप्त शब्द) वॉलेट परत उभं करताना लोक रिस्टोअर हाइट, म्हणजे कोणत्या ब्लॉकपासून शोधायचं तो आकडा, शून्य ठेवतात, मग २०१४ पासूनची चेन चाळत बसते, तिथं फक्त "वॉलेट साधारण कोणत्या महिन्यात काढलं" असं नीट मराठीत विचारलं तरी अर्ध्या तक्रारी मिटतात. हे काम करायला पीएचडी लागत नाही, ज्याच्या घरी असा फोन अन असं नेट आहे असा माणूस लागते. तो तू आहेस.

नोडचंही तसंच, नोड म्हणजे चेन साठवून तपासणारं मशीन. डॉक्युमेंट लिहणारे अशा ठिकाणी बसतात जिथं लाईन जात नाही. मोनेरोचा डेटाबेस डिफॉल्टला वेग मिळावा म्हणून डिस्कवर लगेच पक्कं लिहत नाही, अन सिंक चालू असताना लाईन गेली की डेटाबेस खराब व्हायची शक्यता, मग पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण चेन २०० जीबीच्या वर आहे, प्रून केली, म्हणजे काही डेटा छाटला, तर अर्ध्याहून कमी. गावात नोड चालवायचा तर एसएसडी घे, हार्ड डिस्कवर तर सिंक संपतच नाही, डीबी सिंक मोड सेफ ठेव, हळू चालेल पण टिकेल, अन इन्व्हर्टरवर लॅपटॉपसोबत राउटरही टाक, राउटर लोक हमखास विसरतात. दुसऱ्याचा रिमोट नोड वापरला तर तुझी रक्कम त्याला दिसत नाही, पण तुझा आयपी अन व्यवहार किती वाजता सोडला हे दिसते. २०२० पासून डँडेलियन प्लस प्लस आहे, व्यवहार आधी एकेका नोडवरून पुढं सरकते अन मग पसरते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला उगम सापडत नाही, पण ज्या नोडच्या हातात तू पहिल्यांदा दिला त्याला तर माहीतच आहे नं. तिथं टॉर, म्हणजे आयपी लपवणारं नेटवर्क, वापर.

वेळेवरूनही फुटते. जुलै २०२१ मधे निघालेला बग असाच होता, आलेले पैसे १० ब्लॉक म्हणजे सुमारे २० मिनिटं अडकून राहतात, अन लॉक सुटल्या सुटल्या लगेच खर्च केले तर डिकॉय निवडणारा कोड इतके ताजे आउटपुट जवळपास उचलतच नव्हता, त्यामुळे रिंगमधला सगळ्यात ताजा तोच खरा. चुकारा आला अन लॉक सुटल्या सुटल्या उधारी फेडणारा माणूस यात बरोबर सापडला असता.

मायनिंग. लहान कॉइनवर ५१ टक्के हल्ला (अर्ध्याहून जास्त मायनिंग हातात घेऊन झालेले व्यवहार मागे फिरवणं) करायला कोणी मोठा माणूस लागत नाही, भाड्यानं हॅशरेट, म्हणजे मायनिंगची ताकद, मिळते. बिटकॉइन गोल्ड नावाच्या नाण्यावर मे २०१८ मधे झाला, सुमारे १.८ कोटी डॉलरचं नुकसान. व्हर्ज स्वतःला प्रायव्हसी कॉइन म्हणवते, त्याच्यावर एप्रिल २०१८ मधे टाइमस्टॅम्पच्या भोकातून झाला. मोनेरो २०१९ पासून रँडमएक्स या मायनिंगच्या अल्गोरिदमवर आहे, साध्या सीपीयूवर चालते, तरी सप्टेंबर २०२५ मधे एका मोठ्या मायनिंग पूलनं (मिळून मायनिंग करणारा गट) त्याचे १८ ब्लॉक मागे फिरवले, म्हणजे वर सांगितलेल्या १० ब्लॉकच्या लॉकच्याही पलीकडे. मोनेरोचं हे, तर चार लॅपटॉपचं काय घेऊन बसला. अन बाप्पा, शेतीच्या पंपाच्या कनेक्शनवर मायनिंग लावायचं डोक्यात असेल तर ते आजच काढून टाक, दुसऱ्या कामाला वापरलेली वीज अनधिकृत वापरात मोडते.

टीमनं किती कॉइन ठेवायचे. शून्य. बाइटकॉइन (बिटकॉइन नाही, क्रिप्टोनोटवरचं आधीचं नाणं) मधे सुमारे ८० टक्के नाणी लोकांना कळायच्या आधीच काढून झालेली होती, म्हणूनच लोकांनी एप्रिल २०१४ मधे तो कोड घेऊन मोनेरो वेगळं काढलं, अन ज्यानं ते सुरू केलं त्याच्याशीही काही दिवसांत पटलं नाही तर त्याच्या हातून काढून घेतलं. झेडकॅशनं निदान उघड सांगून पहिली चार वर्षं बक्षिसातले २० टक्के घेतले, त्यावर आजही भांडणं चालतात. पण मला जास्त भीती वेगळी वाटते. आपल्या भागात कॉइन हा शब्द आधीच बदनाम आहे, दुप्पट करून देतो म्हणून एजंट गावोगाव फिरून गेले, गेनबिटकॉइन नावाच्या स्कीममधे तर देशभर लोक बुडाले. तुम्ही इमानदार असाल, पण "आमची कॉइन आता घ्या, पुढं भाव वाढेल" असं म्हणून मामाकडून जरी पैसे घेतले अन परतावा कबूल केला तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा अन केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेवींचा कायदा, दोन्ही डोक्यावर येऊ शकतात. हा भाग वकिलाला विचार, मी वकील नाही.

नुसता कोड लिहणं अन लोकांचे पैसे हाताळणं यातली रेघ मात्र डोक्यात पक्की ठेव. ७ मार्च २०२३ च्या नोटिफिकेशननं दुसऱ्यांसाठी क्रिप्टो बदलून देणारे, पाठवणारे, सांभाळणारे मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले, त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी अन केवायसी. बाहेर देशात तर कोड लिहणाऱ्यांपर्यंत गेलं, टोर्नेडो कॅश या मिक्सरच्या (क्रिप्टोचे पैसे एकत्र मिसळून माग पुसणारं सॉफ्टवेअर) अलेक्सी पर्त्सेव्हला मे २०२४ मधे नेदरलँडच्या कोर्टानं ६४ महिन्यांची शिक्षा दिली, त्याच टीममधल्या रोमन स्टॉर्मला ऑगस्ट २०२५ मधे अमेरिकेत एका आरोपावर दोषी धरलं, बाकीच्यांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. आपल्याकडे २०१७ मधे सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क मानली हे खरं, पण त्याच्या जोरावर तुमचं मिक्सर चालेल असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नको.

बायनरी, म्हणजे डाउनलोड करून सरळ चालवायची तयार फाइल, वाटण्याबद्दल एक. नोव्हेंबर २०१९ मधे मोनेरोच्या अधिकृत साइटवरच काही वेळ बदललेली, पैसे चोरणारी फाइल डाउनलोड होत होती, एका युजरनं हॅश जुळत नाही म्हणून ओरड केली तेव्हा कळलं. म्हणून रिप्रोड्युसिबल बिल्ड, म्हणजे तू अन मी वेगवेगळ्या मशीनवर एकाच सोर्समधून बिल्ड केली तर बाइट टू बाइट तीच फाइल आली पाहिजे. याला माणसं नेहमीच कमी पडतात. साधा लॅपटॉप, रात्रभर लाईन अन थोडा धीर एवढं असलं तरी बिल्ड करून हॅशवर सही पाठवता येते. तुमच्यातल्या एकानं हे धरावं.

तर प्रोजेक्ट असा करा. फोर्क मारा, खुशाल मारा, पण रेगटेस्ट मोडमधे, म्हणजे आपल्याच मशीनपुरत्या चाचणीच्या चेनवर, मायनिंगची डिफिकल्टी फिक्स ठेवून, लॅबच्या बाहेर न काढता. पोस्टर लावू नका, टेलिग्राम ग्रुप काढू नका. त्यात मुद्दाम गर्दी कमी जास्त करा, आधी चार वॉलेट, मग स्क्रिप्टनं चारशे, अन दोघांनी हल्लेखोर बनून रिंगमधला खरा आउटपुट ओळखायचा प्रयत्न करायचा, मायनिंगचे आउटपुट गाळून, वेळ पाहून, सगळ्यात ताज्यावर बोट ठेवून. किती वॉलेट झाल्यावर अंदाज चुकायला लागतो त्याचा ग्राफ काढा. हा ग्राफ पाहिल्यावर एक्स्टर्नल जे प्रश्न विचारेल ते खरे प्रश्न असतील. रेंज प्रूफची तपासणी मुद्दाम बंद करून एक बिल्ड करा अन उणे रकमेनं नाणी काढून दाखवा, लॅबमधेच. क्रिप्टोचा कोड स्वतः लिहू नका, रँडम नंबर तर अजिबात नाही, २०१३ मधे अँड्रॉइडच्या रँडम जनरेटरमधे खोट होती तेवढ्यानं लोकांचे बिटकॉइन गेले.

अन उरलेल्या दोघांनी खऱ्या वॉलेटमधे एक लहान बदल पाठवायचा, वर सांगितलेली रिस्टोअर हाइटची स्क्रीन घ्या किंवा स्वस्त फोनवर स्कॅनिंग अर्धवट राहिलं तर तिथूनच पुढं सुरू होणं घ्या. पहिला पॅच परत येईल, टेस्ट कुठं आहे म्हणतील, दुसऱ्यांदाही येईल. रागावू नका, तिथं सगळ्यांचेच येतात.

एक्स्चेंजचं राहिलं. बायनान्ससारख्या मोठ्या एक्स्चेंजनं फेब्रुवारी २०२४ मधे मोनेरोलाच काढून टाकलं, तर तुमचं कोण लिस्ट करते. कोणी पैसे घेऊन करतो म्हणालं तर तो तुमचे पैसे घेईल एवढं नक्की. भाषा कोणती शिकायची तर मोनेरोला सी प्लस प्लस लागते, झेडकॅशकडे रस्ट, कॉलेजात सी प्लस प्लस झालंच असेल तर तिथूनच लागा. रेगटेस्ट चालू झालं की कॉन्फिग अन लॉग दोन्ही पाठव, नुसता स्क्रीनशॉट नको.